पेटी तयार आहे

अमरावतीत तयारी करणाऱ्यांना तोटा नाही. कोणी एमपीएससीची करतो, कोणी लग्नाची. गाडगेनगरातले आमचे अजगरभाऊ साप पाळायची करतात. काचेची पेटी आली, दोन थर्मामीटर आले, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आलं, लपायला उलटी कुंडी आली. साप तेवढा यायचा आहे.

नोकरी अकोल्याला, म्हणजे रोजचं अपडाऊन. बडनेऱ्याहून गाडी सुटली की मूर्तिजापूरपर्यंत निम्म्या डब्याला कळतं की बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेकडचा, बिनविषारी, चारेक फुटांचा, बुजरा. घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होतो. बोरगाव मंजूला ते त्याच्या आहारावर येतात. समोरचा माणूस उघडलेला डबा बंद करतो.

"नागच पाया न भौ, वावरात फुकट भेटते," असं कोणी म्हटलं की भाऊ तापतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना पाठ. नाग, धामण, मांडूळ, अजगर, यांना धरणंही गुन्हा आणि घरात ठेवणंही. परदेशी साप ठेवायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी हवी. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवायचं. भाऊंनी त्यासाठी फाइल केली आहे. मला विचाराल तर त्यांचा जीव सापापेक्षा या फाइलीत जास्त. वावराचा सातबारा त्यांनी कधी एवढा जपला नाही.

खरी पंचाईत केली उन्हाळ्यानं. सापावरची पुस्तकं थंड देशांतली, म्हणून त्यांत सगळी चिंता उबेची. पेटीच्या एका बाजूला ३२ अंश, दुसरीकडे २६. भाऊंनी हीटिंग पॅड मागवलं, ते पोचलं मे महिन्यात. अकोल्यात पारा ४५ वर, अमरावती त्याच्या मागोमाग. पॅडचा खोकाही फोडला नव्हता आणि रिकाम्या पेटीत थर्मामीटर ४१ दाखवत होतं. मग पेटी कूलरसमोर आली आणि भाऊंच्या बाबांची खाट भिंतीला गेली. बाबांनी दुपारभर सोसलं. संध्याकाळी म्हणाले, "साप आल्यावर पाहू. सध्या त मीच हावो न घरात?"

घरातल्या काकूंचा सापाला विरोध नाही, उंदराला आहे. हा साप पंधरवड्यातून एकदा जेवतो, आणि त्याचं जेवण गोठवून ठेवायचं असतं, हे कळलं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "फ्रीजमदी उंदीर दिसला त मी अकोटले माहेरी जाईन." भाऊंनी समजूत घातली की तो कधीकधी महिना-दोन महिने खातही नाही, आणि वीस-तीस वर्षं जगतो. काकूंनी खाटेकडे पाहिलं. "जेवत नाही अन् बोलत नाही, असा एक हाये आपल्या घरी."

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले, हा भाऊंचा हुकमी दाखला. त्यावर काकूंचा प्रश्न, "मंग झाडलोट कोनं केली?" याचं उत्तर भाऊंकडे अजून नाही.

मागच्या पावसाळ्यात साप आपणहून आला. न्हाणीत. काकूंनी त्याच्यावर टब पालथा घातला, वर पाट्याचा दगड ठेवला आणि सर्पमित्राला फोन केला. भाऊ तेव्हा गाडीत कोणाला तरी सापाचा स्वभाव समजावून सांगत होते. घरी आले तर सर्पमित्र चहा पिऊन, बरणीत साप घेऊन गेलेला. भाऊंचा चेहरा उतरला. बिनविषारी कवड्या होता की जहाल मण्यार, हे ठरवायला त्यांनी विचारलं, "पट्टे मानेकडे ठळक होते की शेपटीकडे?" कवड्याचे मानेकडे ठळक असतात, मण्यारचे शेपटीकडे. काकू म्हणाल्या, "मी काय शर्टाचं कापड पाहून रायली होती?"

पॅड मात्र वाया गेलं नाही. हिवाळ्यात काकूंचं दही लागत नसे. आता विरजणाचं भांडं पेटीत उबेच्या बाजूला ठेवतात, आणि सकाळी दही सुरीनं कापावं असं लागतं. भाऊ रोज तापमान वहीत लिहितात, ओलाव्यासकट.

कोणाला पेटी पाहायची असेल तर रविवारी या, बाकी दिवशी भाऊ गाडीत असतात. विकत मागू नका, ते देणार नाहीत. आणि काकूंना तर मुळीच विचारू नका. दह्याची सवय झाली आहे.