वाघवाले भाऊजी

नागपुरात प्रत्येक घराण्यात एक वाघवाले भाऊजी असतात. ते नेमके कुणाचे भाऊजी, हे कुणालाच धड सांगता येत नाही. पण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, की पापड मोडायच्या आत पेंचचं जंगल सुरू होतं. अंगात खिसेच खिसे असलेलं हिरवं जाकीट, डोक्यावर तसलीच टोपी, गळ्यात दुर्बीण. धरमपेठेत भाजी घेतानाही ती गळ्यातच असते.

पहाटे पेंचच्या सिल्लारी फाटकाकडे निघालं, की मनसर येईस्तोवर भाऊजींचं व्याख्यान रंगात आलेलं असतं. 1975 सालचं राष्ट्रीय उद्यान, 1999 चा व्याघ्रप्रकल्प, सगळं तोंडपाठ. कॉलरवाली वाघिणीची 29 बछडी तर यांनीच पाळण्यात घातली असावीत. ती मध्य प्रदेशातल्या पेंचमधली होती म्हटलं, तर म्हणतात, "नदी तं एकच हाये ना बाप्पा!"

आत गेल्यावर गावातलाच गाइड पोरगा जीव तोडून दाखवत असतो. हा ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. तो कुल्लू, उन्हाळ्यात पानं झडून पांढराफटक उभा. याचाच डिंक काढतात. भाऊजी घड्याळ पाहतात. "झाड काय पळून जाते काय? वाघ दाखव." पुढे रानगव्यांचा कळप लागतो. "म्हशी." मग रानकुत्री दिसतात. गाइडचा आवाज आनंदानं कापतो. भाऊजी म्हणतात, "कुत्रे पाहाले पेंचले कायले येऊ? आमच्या गल्लीत काय कमी हायेत?"

तेवढ्यात वानर खाकरतं. चितळ ओरडतं. जिप्सीतली सगळी माणसं श्वास रोखून समोर पाहतात. भाऊजी मात्र सीटवर उभे राहून मागे वळतात आणि गर्जतात, "शांत राहा रे सगळे!" वानरसुद्धा गप्प होतं. त्याच क्षणी भाऊजींच्या पाठीमागून वाघीण रस्ता ओलांडून सागात शिरते.

संध्याकाळी नागपुरात तीच वाघीण भाऊजींच्या डोळ्यांत डोळे घालून तीन मिनिटं उभी राहिलेली असते.

हसा खुशाल. पण दर मोसमात जिप्सी भरवणारा, गाइडच्या हातावर वरून पैसे ठेवणारा आणि पुढच्या खेपेला पुन्हा येणारा माणूस हाच. त्या पैशावर फाटकाजवळच्या गावांतली कित्येक घरं चालतात. झाडं पाहणारे आपण पाच वर्षांतून एकदा जातो.

येत्या रविवारी त्यांच्या जिप्सीत एक जागा रिकामी आहे. जाणार असाल तर मागच्या सीटवर बसा. वाघ तिथूनच दिसतो.