एक बिबट्या, चार वर्द्या

माळशेज घाट चढून ओतूरकडे येताना मढ लागते, आणि मढात राहणाऱ्या मनुष्यास भ्रमणध्वनीवर बिबट्या किती वेळा दिसावा यास अलीकडे काही धरबंध उरलेला नाही. जुन्नरच्या उसात बिबट्यांची वीण चालते, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, हे सर्व खरेच. परंतु डिंगोरे, उदापूर, ओतूर आणि मढ अशा चार गावांच्या व्हॉट्सॲप गटांतून एकाच रात्री जो बिबट्या आमच्या घरी आला, त्याचा तुटका कान, पाठीमागची विहीर आणि विहिरीवरचा निळा पाइप ही चारही वेळा तंतोतंत तीच होती. हे जनावर मुक्काम हलवताना विहीर व पाइप बरोबर घेऊन हिंडते, ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत अद्याप नमूद झालेली नाही. "नाना, हा तोच बिबट्या," असे मी चुलत्यांना म्हटले, तर ते म्हणाले, "तोच असंल, पण आता आपल्याकडं आलाय ना!"

एकच मजकूर फिरून फिरून येण्याची ही व्याधी जुनी आहे. 1984 साली टॉम जेनिंग्ज नामक अमेरिकन गृहस्थाने फिडोनेट सुरू केले, तेव्हा हौशी मंडळींच्या घरोघरच्या संगणकांवरील संदेशफलक रात्री टेलिफोनचे दर उतरल्यावर मोडेमच्या साहाय्याने एकमेकांस हाक मारीत आणि साचलेली टपाल स्वाधीन करीत. पुढे फलकांची साखळी कोठेतरी वर्तुळ होऊन मिळाली, की पहिल्याने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास दिलेला मजकूर तिसरा पुन्हा पहिल्याच्याच पदरात घाली, आणि या प्रदक्षिणेचे बिल फलकाचा चालक स्वतःच्या खिशातून भरी. स्वतःचा खिसा हलका होऊ लागला की मनुष्याची बुद्धी तल्लख होते. चालकांनी संदेशाच्या तळाशी 'सीन-बाय' अशी ओळ घातली. ज्या फलकांपाशी मजकूर पोहोचला त्यांचे क्रमांक तीत चढत, आणि कचेरीतील परिपत्रक 'पाहिले' अशी सही केलेल्या कारकुनाच्या मेजावर जसे परत जात नाही, तसा तोही परत फिरत नसे. शिवाय मूळ फलकाचा पत्ता आणि आठ अक्षरी अनुक्रमांक मिळून प्रत्येक संदेशास 'एमएसजीआयडी' मिळे, व तोच अनुक्रमांक त्या फलकाने तीन वर्षांत पुन्हा वापरू नये असा दंडक होता. आलेला क्रमांक आधीच दप्तरी असेल, तर संदेश बेलाशक बाद.

यातील खरे शहाणपण असे, की ओळख मजकुरावरून नव्हे, क्रमांकावरून पटवली जाई. केवळ मजकुरावर भिस्त ठेवली, तर सोमवारचा 'आज लाईट नाही' आणि गुरुवारचा 'आज लाईट नाही' यांतील दुसरा रद्दबातल ठरेल. आणि आमच्याकडे दोन्ही खरे असतात.

व्हॉट्सॲपने 2018 साली भारतात एका वेळी पाचांनाच मजकूर पुढे धाडण्याची मर्यादा घातली, आणि 2020 साली फार फिरलेल्या मजकुरास ती एकावर आणली. तथापि नानांनी स्क्रीनशॉट काढून, वर 'सावधान! आपल्या मढात!' असा मथळा जोडून तो रवाना केला, की यंत्राच्या लेखी तो नवजात बछडा.

तेव्हा समस्त ग्रामस्थांस विनंती, की छायाचित्राखाली शिवार, तारीख आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव लिहावे. यांपैकी काहीच ठाऊक नसेल, तर बिबट्या आपल्यापाशीच ठेवावा. खरा दिसल्यास वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे.