बेटाला मेकअप करणाऱ्या महाशयांस

श्री. फोटोग्राफर महाशय यांस,
सा. न. वि. वि.

आपलं नाव मला माहीत नाही. मालदीवच्या ज्या रिसॉर्टमध्ये आम्ही रोख पैसे मोजून राहून आलो, त्याच्या माहितीपत्रकात मुख्य आचाऱ्यापासून मसाजवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं होती. नव्हतं ते फक्त आपलं. इतकी विनम्रता हल्ली बघायला मिळत नाही. गुन्हेगार काही ना काही खूण मागे ठेवतोच म्हणतात, पण आपण वाळूवर एक पाऊलसुद्धा उमटू दिलेलं नाहीत.

तरी हात ओळखू येतो. काठोकाठ फिरोजी पाणी, त्यावर वाकलेला एकुलता एक माड, लांबच लांब लाकडी पूल आणि पुलावर पाठमोरी उभी असलेली पांढऱ्या झग्यातली बाई. या बाईचा चेहरा आजवर कोणी पाहिलेला नाही. ती जिकडे निघाली आहे तिकडे नुसता समुद्र आहे, हेही तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आधी अभिनंदन करते. मालदीवमध्ये बेटं सुमारे 1200, त्यातली वस्तीची दोनशेच्या आत. 1972 साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट निघालं, आणि 'एक बेट, एक रिसॉर्ट' या रिवाजाने आज त्यांची संख्या दीडशेच्या पुढे गेली आहे. यातून एक निवडायचं म्हणजे माणूस वेडा व्हायचा. आपण उपाय सोपा केलात. सगळी बेटं हुबेहूब एकसारखी दिसतील अशी व्यवस्था केलीत, म्हणजे निवडायचा प्रश्नच मिटला. आपले फोटो बघून कुठलं बेट कुठलं हे जो ओळखून दाखवेल, त्याला मी सी-प्लेनचं जाऊन-येऊन तिकीट बक्षीस देईन. ज्यांनी ते स्वतःच्या खिशातून काढलं आहे, त्यांना या बक्षिसाचं मोल समजेल.

आपली कला कुठवर पोचली आहे याचा दाखला 2024 च्या जानेवारीत मिळाला. पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, मालदीवच्या काही उपमंत्र्यांच्या जिभा घसरल्या, त्यांना घरी बसावं लागलं, आणि इकडे 'मालदीव नको, लक्षद्वीपला चला' अशी लाट उठली. त्या लाटेत काही उत्साही मंडळींनी लक्षद्वीपचं कौतुक करताना फोटो लावला तो मालदीवचाच. लोकांनी त्यांची टर उडवली. मी नाही उडवली. फोटोच तसा, तर माणसाने ओळखायचं कशावरून?

आता आपल्या सगळ्यात गाजलेल्या चित्राकडे वळते. त्यात खाली लगूनचं पाणी फिरोजी आहे आणि वर आकाश केशरी. महाशय, पाणी लाल प्रकाश गिळतं, निळा-हिरवा राखतं. तळाशी प्रवाळाची पांढरी वाळू असली, पाणी कंबरभर असलं आणि ऊन डोक्यावरून सरळ आत उतरलं, की तो रंग उमटतो. म्हणजे सकाळी दहा ते दुपारी दोन, तेही सूर्य पाठीशी घेऊन आणि पाण्यावरची चकाकी मारायला लेन्सवर पोलरायझर लावून. सूर्य खाली आला की किरण पाण्यावरून घसरून जातात आणि तेच लगून ताटासारखं करडं दिसायला लागतं. आपल्या फोटोत मात्र खाली दुपारचे बारा आणि वर संध्याकाळचे सहा सुखाने नांदताहेत. जयद्रथासाठी श्रीकृष्णाला निदान सूर्य झाकावा लागला होता. आपलं काम माउसवर भागलं.

वेळेशी खेळण्यात अर्थात आपण एकटे नाही. तिथली बरीच रिसॉर्टं घड्याळच राजधानी मालेच्या एक तास पुढे लावून ठेवतात. सूर्य बिचारा सहाच्या सुमारास बुडतो, पाहुण्यांना वाटतं सात वाजले. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तो तिरका रेंगाळत नाही, सरळ खाली उतरतो. संधिप्रकाश म्हणेपर्यंत अंधार. माझ्या नवऱ्याने ट्रायपॉड उघडून पाय घट्ट करेपर्यंत कार्यक्रम आटोपलेला असायचा. आणि या कार्यक्रमासाठी 'सनसेट व्हिला' म्हणून जादा पैसे! टूरवाल्याने आम्हालाही तोच गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. मी सूर्योदयाची बाजू मागितली तेव्हा त्याने माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं. पण पहाटेचा उजेड मऊ असतो, वारा पडलेला असतो, आणि मुख्य म्हणजे मधुचंद्राची मंडळी झोपलेली असतात. पुलावर एकही पाठमोरी बाई नसते. हे मी फुकट सांगते आहे, आपल्या माहितीपत्रकात ते कुठे नाही.

व्हिलाच्या खासगी तलावाविषयी फार लिहीत नाही. आपल्या सोळा मिलिमीटरच्या लेन्समधून तो क्षितिजाला टेकलेला होता. प्रत्यक्षात आमच्या ठाण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीएवढा निघाला. शेजारच्या व्हिलाच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चड्ड्या आपण ज्या कौशल्याने चौकटीबाहेर ठेवल्यात, त्याला तोड नाही.

हवामानाचंही तेच. आपला कॅमेरा मालदीवला जातो जानेवारी ते मार्चमध्ये, ईशान्येचे कोरडे वारे असताना. आमच्यासारख्यांना घसघशीत सवलत मिळते ती जून-जुलैमध्ये. सवलत का मिळते, हा प्रश्न मुंबई-ठाण्याच्या माणसाने तरी विचारायला हवा. आपल्या डोक्यावर जूनमध्ये कोसळणारा मोसमी पाऊस मे महिन्यातच त्यांच्यावरून होऊन आलेला असतो. आकाश करडं असलं की पाणीही करडं, त्याला पोलरायझर काय करणार? पाऊस थांबला की तासाभरात ऊनही पडतं, नाही असं नाही. पण ऊन कधी पडेल ते सवलतीत लिहिलेलं नसतं. शिवाय सी-प्लेन उजेडातच उडतं. मुंबईहून दुपारनंतर उतरलात तर पहिली रात्र मालेजवळच्या एखाद्या हॉटेलात, भिंतीवरचा आपलाच फोटो बघत. आणि सामान साधारणपणे वीस किलो, हातात पाच. कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड वजनकाट्यावर चढले की फोटोत नेसायची साडी घरी राहते.

एक गोष्ट मात्र आपण कधीच सांगत नाही, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे. आपल्या फोटोतलं ते पसरट, उथळ, नितळ पाणी जिथे असतं, तिथे प्रवाळाची कड बहुतेक वेळा किनाऱ्यापासून लांब असते. जिथे कड पायाशी असते, तिथे चार हात मारले की पोपटमासे आणि कासवं दिसतात, पण वरून घेतलेल्या फोटोत पाणी काळपट येतं. म्हणजे एक तर फोटो, नाही तर मासे. दोन्ही एकाच बेटावर क्वचितच. बुकिंगआधी उपग्रहाच्या नकाशावर बेट बघितलं तर हे दोन मिनिटांत कळतं. फिकट पट्टा केवढा रुंद आहे आणि गडद निळा कुठून सुरू होतो, एवढंच बघायचं. ड्रोन उडवून आपण तेच तर बघता. मग सांगायला काय होतं?

आणि फिकट पट्टा सगळीकडे निसर्गानेच फिकट ठेवलेला असतो असंही नाही. सूर्योदयाची बाजू घेतल्याचा एक फायदा असा झाला की सकाळी सहा वाजता आम्ही किनाऱ्यावर असायचो, पाहुणे उठायच्या आत. पाहतो तर आपल्या फोटोची मांडामांड चालली होती. एक माणूस दंताळ्याने वाळूवर सरळ रेघा ओढत रात्रीची पावलं पुसत होता. पाण्यात मांडीभर उतरलेले दोघं तळावरचं समुद्री गवत उपटून प्लास्टिकच्या पाट्यांत भरत होते. पाट्या भरल्या की मागच्या झाडीत हातगाडीवर. पलीकडे हाताच्या दंडाएवढा जाड पाइप किनाऱ्यावर वाळूमिश्रित पाणी ओकत होता. त्या धारेभोवतालचं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. गवत काढणाऱ्यांतला एक बांगलादेशी पोरगा होता, विशीतला. माझ्या नवऱ्याने कॅमेरा वर केला तसा तो घाईने बाजूला झाला. "तुझाच काढतोय," म्हटल्यावर हसला आणि हिंदीत म्हणाला, "घास फोटो में अच्छा नहीं लगता, सर."

महाशय, या पोराचा पगार आपल्या फोटोपायी चालू आहे, हे मी आपल्या खात्यावर पुण्य म्हणून लिहिते. बाकीचा हिशोब मात्र वेगळा आहे. ही बेटं समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच. त्यांची वाळू मुळातच फिरती. वारे बदलले की बेटाच्या एका अंगाची दुसऱ्या अंगाला जाते आणि सहा महिन्यांनी परत येते. बेटाला त्याने काही होत नाही. पण आपण फेब्रुवारीत ज्या बाजूला माडाखाली किनारा टिपलात, तिथे ऑगस्टमध्ये पाहुणा उतरतो आणि फोटोतला किनारा मागतो. मग पाइप लागतो, वाळूची पोती रचावी लागतात. ज्या गवताची मुळं तळ धरून ठेवतात, ज्यात माशांची पिल्लं वाढतात आणि कासवं चरतात, ते काळं दिसतं म्हणून उपटलं जातं. गवत गेलं की वाळू आणखी सैल. मग आणखी पाइप. त्याचा गाळ जाऊन बसतो प्रवाळावर, ज्याने 1998 आणि 2016 च्या तापलेल्या समुद्रात आधीच पांढरं पडून बघितलं आहे. 2019 मध्ये तिथे समुद्री गवत वाचवायची मोहीम निघाली आणि बऱ्याच रिसॉर्टांनी ते राखायचं जाहीरही केलं. आमचं त्यांच्यात नव्हतं. किंवा असेल, आणि गवताला कळवायचं राहिलं असेल.

पूर्वी फोटोग्राफर बेटासारखा फोटो काढायचे. आपल्या कारकिर्दीत बेटाने फोटोसारखं राहायचं, असा नियम झाला आहे.

पाहुण्यांनीही तसंच राहायचं. 2017 साली रंगाली बेटावरच्या एका रिसॉर्टने फोटोच्या जागा आणि वेळा सांगायला चक्क 'इन्स्टाग्राम बटलर' नेमले होते. आमच्याकडे बटलर नव्हता, पाण्यात रोवलेला झोपाळा होता आणि त्यापुढे रांग. रांगेतल्या प्रत्येकीच्या पिशवीत पांढरा झगा. आणि तरंगती न्याहारी! वेताच्या परातीत फळं, पॅनकेक आणि ऑम्लेट मांडून परात तलावात सोडायची, आपण हनुवटीभर पाण्यात तिच्यामागे फिरायचं. जादा पैसे मोजलेल्या एका जोडप्याला मी हे करताना पाहिलं. फोटो झाल्यावर त्यांनी परात उचलून टेबलावर नेली आणि माणसासारखे बसून जेवले. ऑम्लेट भिजलं होतं.

वस्तीच्या बेटांकडे आपला कॅमेरा कधीच का वळत नाही, हेही विचारायचं राहिलं. साधारण 2010 पासून माफुशीसारख्या बेटांवर घरगुती गेस्ट हाउसं निघाली. तेच पाणी, तीच वाळू, भाडं मात्र रिसॉर्टच्या काही अंशानेच. पोहण्याच्या कपड्यांत वावरायला वेगळा किनारा राखलेला असतो, बाकी बेटावर खांदे-गुडघे झाकून फिरायचं, एवढीच अट. तिथे मशीद आहे, शाळेतून सुटलेली पोरं आहेत, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आहेत. माणसं असतात, हीच अडचण असावी. आणि मालेच्या पश्चिमेला थिलाफुशी आहे, 1992 पासून लगूनमध्ये कचरा टाकून-टाकून तयार झालेलं बेट. शहराचा आणि रिसॉर्टांचा कचरा तिकडे जातो. वरून फोटो काढायला ड्रोनही लागणार नाही, सी-प्लेनच्या खिडकीतून नीट दिसतं.

माझी मागणी मोठी नाही. आपल्या प्रत्येक फोटोखाली बारीक अक्षरात महिना, वेळ, लेन्स आणि दिशा छापावी. औषधाच्या बाटलीवर छापतात, तिथे चालतं. जागा उरली तर काय काय पुसलं तेही. शेजारच्या चड्ड्या लिहिल्या नाहीत तरी चालेल.

शिवाय एक फोटो मला आपल्याकडून विकत घ्यायचा आहे. नवऱ्याने काढलेला हलला आहे. त्या पोराच्या हसण्याने त्याचाही हात हलला, असं त्याचं म्हणणं. तेव्हा आपण पुढच्या वेळी तिथे जाल तेव्हा सकाळी सहाला उठावं आणि पाइप, गवताच्या पाट्या व दंताळं चौकटीत येतील असा एक काढून पाठवावा. रंग वाढवू नयेत. किंमत डॉलरमध्ये सांगितलीत तरी हरकत नाही, त्याची आता सवय झाली आहे.

कळावे,
आपली एक गिऱ्हाईक