एटीसी नाना

नानांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. आमच्या ठाण्याच्या कारखान्यात गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना ‘एटीसी नाना’ म्हणत. आयकराच्या ८०सी कलमावरून नाव पडलं म्हणून दुसरा एखादा चिडला असता. नाना एवढंच म्हणत, "२००५च्या आधी हे कलम ८८ होतं. तेव्हा मला कुणी अठ्ठ्याऐंशी नाना म्हटलं नाही. तुमची ज्ञानाची आवडच नवी."

नाना अकाउंट्समध्ये असतील असं कुणालाही वाटावं, पण ते होते स्टोअर्समध्ये. कागदोपत्री ते नटबोल्टांचा हिशेब ठेवत आणि प्रत्यक्षात दीडशे माणसांच्या म्हातारपणाचा. खिशाला दोन पेनं, खणात रेव्हेन्यू स्टॅम्प आणि कपाटात प्रत्येक आर्थिक वर्षाची एक फाइल. सणवार त्यांना काकू आठवण करून द्यायच्या तेव्हा कळायचे. नानांचं वर्ष १ एप्रिलला सुरू व्हायचं आणि ५ एप्रिलच्या आत पीपीएफचे पैसे भरले, की त्यांचा पाडवा पार पडायचा. "५ तारखेनंतर भरलेस तर त्या महिन्याचं व्याज गेलं," हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की कँटीनमधला पोऱ्यासुद्धा ४ तारखेला चहा देताना विचारायचा, "नाना, भरले का?"

माणसाच्या आयुष्यातला कुठलाही प्रसंग नानांना अर्जाच्या रूपातच दिसे. पेंट शॉपमधल्या एका मुलाच्या लग्नात आम्ही आहेर द्यायला स्टेजवर चढलो. नानांनी नवरदेवाच्या हातात पाकीट ठेवलं आणि कानाशी लागून म्हणाले, "पीएफला धाकट्या भावाचं नाव लावलं होतंस ना? अक्षता पडल्या त्या क्षणी ते नॉमिनेशन बाद झालं. उद्या येऊन नवा फॉर्म भर." "नाना, उद्या महाबळेश्वर…" "मग आज संध्याकाळी भर." नवरीला वाटलं, आशीर्वाद देताहेत. तिनं वाकून नमस्कार केला. नानांनी तिला आधार कार्डावरचं नाव बदलणार आहेस का ते विचारलं.

मुलीच्या बारशाला ते सुकन्या समृद्धीचा फॉर्म घेऊन जात. "दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत खातं उघडावं लागतं," असं सांगत. पाळण्यातल्या मुलीचं वय तेव्हा बारा दिवसांचं असे. एखाद्याच्या घरी दुःखद प्रसंग घडला, तर मात्र नाना गप्प बसून राहत. चौदाव्या दिवशी स्वतः जाऊन विधवेचे पेन्शनचे कागद भरून देत, पीएफच्या कचेरीत खेटे घालत आणि या कामाबद्दल कुणाशी एक अक्षर बोलत नसत. म्हणून त्यांच्या बाकीच्या बोलण्याला आम्ही हसायचो, पण त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

नानांचा खरा हंगाम जानेवारीचा. एचआरकडून गुंतवणुकीचे पुरावे सादर करा अशी सूचना लागली, की स्टोअर्सच्या खिडकीशी रांग लागायची. नाना एकेकाला हातात घेत. "विमा किती? पीएफ किती? मुलांची ट्यूशन फी? गृहकर्जाचं मुद्दल? झाले दीड लाख. आता वर एनपीएसचे पन्नास हजार, ८०सीसीडी-एक-बी, २०१५ची देणगी आहे ती, सोडू नकोस." बापाच्या नावानं भाड्याच्या पावत्या फाडणाऱ्याला ते चष्म्यावरून बघत विचारत, "बाबांनी हे भाडं त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवलंय का?" पुढच्या वर्षी तो माणूस पावत्या आणत नसे.

एकच पाप नाना माफ करत नसत. नोकरी बदलताना पीएफ ट्रान्सफर न करता काढून घेणं. अशा एका पोरानं त्या पैशांची बुलेट घेतली होती. नाना ती गाडी पार्किंगमध्ये दिसली की वळसा घालून जायचे. "पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलास, म्हणजे वर टॅक्सही लागला. अरे, हे बियाणं खाल्ल्यासारखं झालं. पुढच्या साली पेरणार काय?" पोरगं म्हणालं, "नाना, पुढच्या साली दुसरी कंपनी." १९९०च्या दशकात पीएफला १२ टक्के व्याज मिळायचं, हे नाना अशा वेळी सांगत. त्यांच्या आवाजात सोन्याचा धूर निघायच्या काळाची ऊब असे. आता ८.२५ टक्के आहे हे ते हळू आवाजात सांगत.

अर्थमंत्री कुठल्या पक्षाचा याच्याशी नानांना कर्तव्य नव्हतं. ज्यांनी २०१४ला ८०सीची मर्यादा एक लाखावरून दीड लाख केली ते अरुण जेटली त्यांच्या दृष्टीनं थोर. त्याच जेटलींनी २९ फेब्रुवारी २०१६ला, पुढे जमा होणाऱ्या पीएफमधून पैसे काढताना त्यातल्या ६० टक्के रकमेवर कर लावायचं अर्थसंकल्पात मांडलं, तेव्हा नाना दोन दिवस जेवले नाहीत. जन्मात कधी मोर्चाला न गेलेल्या या माणसानं अर्थमंत्रालयाला चार पानी पत्र लिहिलं आणि रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवलं. देशभर कामगार संघटना, नोकरदार, वर्तमानपत्रं सगळी उठली होती. ८ मार्चला जेटलींनी लोकसभेत प्रस्ताव मागे घेतला. नानांनी कारखान्यात पेढे वाटले. पोचपावती त्यानंतर आली. तारखांचा हा तपशील कुणी काढला, की नाना म्हणत, "पत्र आधी पोचतं. पावतीला परतीचा प्रवास असतो." ती पावती २०१५-१६च्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावलेली आहे.

त्यानंतर दर अर्थसंकल्पाला नाना कँटीनच्या टीव्हीसमोर वही घेऊन बसत. दीड लाखाचे दोन लाख होतील ही आशा. मर्यादा हलली नाही. हललं ते भलतंच. २०२०ला ‘न्यू रेजिम’ आली. कराचे दर कमी, पण ८०सी नाही, घरभाडं नाही, काही नाही. २०२१ला पीएफमध्ये वर्षाला अडीच लाखांवर स्वतःची वर्गणी भरणाऱ्याच्या जादा रकमेवरचं व्याज करपात्र झालं. नानांची वर्गणी त्याच्या आसपासही नव्हती, तरी ते दुखावले. "आज अडीच लाखवाल्याला हात लावला. हात लावायची सवय वाईट." २०२३पासून तर निवड केली नाही तर नवीनच पद्धत लागू, असं झालं. २०२५च्या अर्थसंकल्पानं नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. कारखान्यात जल्लोष झाला. नानांनी वही मिटली.

पुढच्या जानेवारीत स्टोअर्सच्या खिडकीशी रांग नव्हती. डिझाइनमधली एक इंजिनिअर मुलगी तिथून चालली होती, तिला नानांनी थांबवलं.

"पुरावे दिलेस?"

"नाना, मी न्यू रेजिममध्ये आहे. काही द्यावं लागत नाही."

"म्हणजे तू काहीच साठवत नाहीस?"

"साठवते की. दर महिन्याला पंधरा हजारांची एसआयपी आहे."

"कुठल्या कलमाखाली?"

"कलम नाही. तशीच."

"तशीच?" नाना खुर्चीत टेकले. "मग ती बचत कशी होईल?"

मुलगी हसून निघून गेली. नाना मला म्हणाले, "हुशार आहे ती. साठवेल. पण पेंट शॉपमधला साठवणार नाही. त्याला मार्च डोक्यावर बसला म्हणूनच तो विमा काढत होता. सरकार इतकी वर्षं कान धरून साठवायला लावत होतं. आता म्हणतं, घे पैसे, तुझं तू बघ." आम्ही ज्या माणसाला हसत आलो त्याच्या या बोलण्यावर मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात त्यांना नव्या पद्धतीतही टिकून राहिलेली एक फट आठवली. मालकानं एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, तिथंही वजा होते. नाना तडक एचआरच्या दिशेनं गेले.

शेवटचा घाव मात्र वर्मी बसला. १९६१चा आयकर कायदा जाऊन २०२५चा नवा कायदा मंजूर झाला. १ एप्रिल २०२६पासून लागू, एकूण कलमं ५३६. त्यात ८०सी झालं १२३. ८०डी झालं १२६. माणसं म्हणाली, कायदा सोपा झाला. नानांच्या लेखी पाठ असलेल्या गावातल्या सगळ्या गल्ल्यांच्या पाट्या रात्रीत बदलल्या होत्या. तीन आठवडे ते संध्याकाळी थांबून जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करत बसले. आम्ही त्यांना ‘एकशे तेवीस नाना’ म्हणून पाहिलं. कुणाच्या जिभेवर बसेना.

स्वतः नानांनी कुठली पद्धत घेतली, यावर कारखान्यात पैजा लागल्या होत्या. त्यांनी तीन रात्री गणित केलं. तिन्ही रात्री नवीन पद्धत स्वस्त निघाली. चौथ्या रात्री काकूंनी दिवा बंद केला. नाना नव्या पद्धतीत गेले. तरी जानेवारीत पीपीएफ, विमा, मेडिक्लेम अशी सगळी पुराव्यांची फाइल त्यांनी एचआरला नेऊन दिली. "नाना, आम्हाला याची गरज नाही," तिथली मुलगी म्हणाली. "तुम्हाला नसेल. मी केलंय. पोच द्या." तिनं शिक्का मारून दिला.

नाना ३१ मार्चला निवृत्त झाले. निवृत्तीची तारीखसुद्धा त्यांनी आर्थिक वर्षाशी जुळवून घेतली. निरोपाच्या भाषणात त्यांनी ग्रॅच्युइटीची २० लाखांची करमुक्त मर्यादा समजावली आणि पीएफची पेन्शन कशी काढतात ते फळ्यावर मांडलं. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, हिशेबाला १५ हजारच धरायचे. ३५ वर्षं राबून महिन्याला साडेसात हजार. सभागृह गप्प झालं. "म्हणून सांगत होतो," नाना म्हणाले आणि खाली बसले.

काकूंना कित्येक वर्षं समुद्र बघायचा होता. जानेवारी ते मार्च पुरावे, एप्रिलमध्ये पीपीएफ, जुलैत रिटर्न, असं करत ते राहिलं होतं. एलटीएची सवलत मिळेल तेव्हाच प्रवास, हा नानांचा नियम. नव्या पद्धतीत ती सवलतही गेली, म्हणजे प्रवासाचं कारणच संपलं. मग काकूंनी भिशीतून साठवलेले, कुठल्याही कलमात न बसणारे पैसे काढले आणि दोघं तारकर्लीला गेली.

पुढचं काकूंनी सांगितलं. होडी डॉल्फिन दाखवायला समुद्रात नेली होती. काकू डॉल्फिन शोधत होत्या आणि नाना होडीवाल्याचं वय विचारत होते. अडतीस. "म्हणजे अजून वेळ गेलेली नाही!" नानांनी बसल्या जागी अटल पेन्शन योजना सांगितली. चाळिशीच्या आत खातं उघड, बँक परस्पर पैसे वळते करील, साठीनंतर महिन्याला एक हजार ते पाच हजारांपर्यंत हमखास पेन्शन.

होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. "साठ वर्सांनी? तवसर खाऊचा काय?"

"तोवर खायचं नाही," नाना म्हणाले, "तोवर भरायचं."