जिवंत असल्याचा पुरावा

आष्टी, पाटोदा, केजच्या गावांतून फौजेत गेलेला जवान पस्तिशी-चाळिशीत घरी परततो. तोवर त्याचे पुढचे पोस्टिंग ठरलेले असते: बीडचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बँक आणि पेन्शनचे ‘स्पर्श’ पोर्टल. सीमेवर आपण जिवंत आहोत हे शत्रूपासून लपवायचे होते. इथे ते सरकारला दरवर्षी हयातीच्या दाखल्यानिशी पटवायचे असते. राबून झिजलेल्या बोटाचा ठसा मशीन ओळखत नाही. मग एखादा निवृत्त हवालदार स्वतःचा अर्ज सुटल्यावर शेजारच्याचा हाती घेतो, मग एखाद्या वीरपत्नीचा, आणि बघता बघता सनद नसलेला वकील होतो. फी एक कप चहा, तोही बहुधा त्याच्याच खिशातून.

दिल्लीतही निराळे काही नाही. 2015 मध्ये ‘वन रँक, वन पेन्शन’साठी जंतरमंतरवर बसलेल्या माजी सैनिकांना पोलिसांनी 14 ऑगस्टला हटवायला घेतले, दुसऱ्या दिवशी देशभर जवानांच्या गौरवाची भाषणे झाली. सप्टेंबरात योजना जाहीर झाली. या योजनेतील 2019 च्या पेन्शन-सुधारणेची थकबाकी मात्र 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारखा आखून दिल्यावर हलली. तोवर सत्तरीतले ऐंशीकडे सरकले होते.

तेव्हा साहेब, 26 जानेवारीला माजी सैनिकांना शाल-श्रीफळ जरूर द्या. पण 25 तारखेला त्यांच्या फायलीवर सही करा. बीडच्या उन्हात शाल तशीही फारशी कामाची नाही.