साडूंच्या लाद्या

ज्या गावास समुद्र नाही तेथील गृहस्थाने समुद्रकाठच्या बंगल्याविषयी अधिकारवाणीने बोलू नये, हे मला तत्त्वतः मान्य आहे; परंतु उरण येथील आमच्या साडूंच्या दिवाणखान्याची अवघी फरसबंदी काही काळ लोधिवलीस माझ्या पडवीत मुक्कामाला असल्याने, निदान तळाशी तरी त्या वास्तूशी माझा संबंध जडलेला आहे.

बंगला वडिलोपार्जित. साडूंच्या तीर्थरूपांनी, हाती चार पैसे खेळू लागताच, जुन्या नक्षीच्या लाद्यांवर शुभ्र, चकचकीत फरशी बसवून गावात पेढे वाटले होते. चिरंजीवांनी ती फरशी फोडण्यास मजूर लावून, बंगल्याचे अतिथिगृह करण्यासाठी ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली अर्ज गुजारला. एका पिढीची प्रतिष्ठा म्हणजे दुसरीचा राडारोडा. सातबारा, नकाशे व किनाऱ्याच्या नियमांखालील हरकती यांची रुजुवात होईतो, उखडलेल्या लाद्या माझ्याकडे रवाना झाल्या.

या लाद्या उरणच्याच, असा साडूंचा दावा. आणि तो नामंजूर करण्याचे मला कारण दिसत नाही. 1922 साली फेरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने उरणास सिमेंटच्या लाद्यांचा कारखाना काढला. त्यापूर्वी आमच्या प्रतिष्ठेस पायाखालीही विलायतच लागे. 1872 साली खुल्या झालेल्या, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राणीच्या बागेतील संग्रहालयाची जमीन इंग्लंडातील मिंटनच्या लाद्यांची आहे. सिमेंटच्या लादीस मात्र भट्टी लागत नाही. साच्यातील धातूच्या चौकटीच्या कप्प्याकप्प्यांत संगमरवराची भुकटी मिसळलेला रंगीत सिमेंटचा रबडा ओतावयाचा, चौकट अलगद उचलावयाची, पाठीवर कोरडे सिमेंट व वाळू पसरून दाबयंत्राखाली दाबावयाचे आणि मग लादी पाण्यात ठेवावयाची; अस्सल कोकणी माणसाप्रमाणे ती पाण्यातच पक्की होते.

फुटलेल्या लाद्यांच्या जागी त्याच नक्षीच्या नव्या करविल्या, तेव्हा खरे संकट उभे राहिले. जुन्या लाद्यांवर वार्धक्याची मंद झळाळी, तर नव्या नवरदेवासारख्या तेजस्वी. त्यांना पावसाळ्याच्या आत शतायुषी करण्याची कामगिरी साडूंनी आमच्या कुटुंबावर सोपविली. म्हणजे त्या पडवीत अंथरून आम्ही सर्वांनी त्यांवरून अनवाणी येरझाऱ्या घालावयाच्या. आमच्या सासूबाईंनी ‘‘जावयाच्या लाद्या झिजवायला मी प्रदक्षिणा घालू का?’’ असा रोकडा सवाल केला. शेजारच्या मुलांनी मात्र विनामोबदला इतका इतिहास निर्माण केला, की एक लादी आणखी करवावी लागली.

अखेर परवाना हाती आला, लाद्या उरणास परतल्या व दिवाणखाना खरोखरच देखणा झाला. तोच कारागिराने जाता जाता बजावले की, या लाद्यांना आम्ल सोसत नाही. लिंबू, चिंच, कोकम सांडले तर कायमचा डाग पडतो. साडूंचा चेहरा पाहवेना, कारण दरपत्रकावर पहिलाच पदार्थ मासळीचे ताट, सोलकढीसह. तेव्हापासून दिवाणखाना कुलूपबंद असून पाहुणे तो खिडकीतून पाहतात, आणि जेवावयास मागच्या शेणाने सारवलेल्या अंगणात बसतात. अभिप्रायाच्या वहीत स्तुती आढळते ती अंगणाची, आणि साडू आता ते अंगण सारवणाऱ्या बाईंचा पगार वाढविण्याच्या विवंचनेत आहेत.