‘मराठी चालत नाही’च्या कर्त्यांस खुले पत्र

गोमती नगर, लखनौ येथील पत्रकारपुरमचे रहिवासी आणि ‘मराठी चालत नाही’ या त्रिशब्दी तक्रार-महाग्रंथाचे कर्ते यांस मुक्त संगणकप्रणालींची देखभाल करणाऱ्यांच्या वतीने सा. न. वि. वि.

मुक्त प्रणाली म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येते अशी प्रणाली. तिच्या दुरुस्तीचे काम पुष्कळदा नोकरीधंदा सांभाळून, विनावेतन चालते, त्यामुळे तेथील मंडळींना मनकवडेपणा शिकण्यास अद्याप सवड मिळालेली नाही, याबद्दल महोदयांनी क्षमा करावी. सहा पत्रांच्या देवाणघेवाणीनंतर असे निष्पन्न झाले की, मुंजीच्या यादीतील ‘आचाऱ्यास आगाऊ रक्कम द्यावी’ हे वाक्य ‘आचार्यास’ असे छापले गेले आणि पुऱ्या तळणाऱ्याचे पैसे गुरुजींच्या हाती पडले.

दोष गंभीर आहे. परंतु हिंदी वाचणाऱ्या आज्ञावलीकाराला तो दिसतच नाही, कारण हिंदीच्या लेखनात ‘ऱ्य’मधला हा अर्धा र नसतो आणि ‘आचार्य’ हा शब्द त्याच्या लेखी निर्दोष असतो. म्हणूनच काय दिसले याबरोबर काय दिसायला हवे होते, हेही लिहावे लागते. शिवाय युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपिचिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात, हा र दोन प्रकारे साठवता येतो: टिंबाचा ‘ऱ’ व हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. नुसता साधा ‘र’ आणि हलन्त टंकल्यास रफार मिळतो, व तो मिळायलाच हवा. तेव्हा चूक टंकनात आहे, फॉन्टमध्ये आहे की अक्षरे जुळवणाऱ्या भागात, हे छायाचित्रावरून कळत नाही (महोदयांचे छायाचित्र तर पंख्याच्या प्रतिबिंबासह तिरपे आले होते). त्यासाठी मूळ फाइल, प्रणालीची आवृत्ती, फॉन्टचे नाव आणि दाबलेल्या कळांचा क्रम लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबल्यास ‘ऱ’ उमटतो, ही माहिती येथे कोणताही संशय न घेता नोंदवली आहे.

ज्या लखनौत संगीततज्ज्ञ भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले, त्या शहराला टिंबाचे महत्त्व नव्याने सांगणे धाडसाचे ठरेल. त्यांच्या स्वरलिपीत स्वराखालचे टिंब वर गेले की मंद्राचा तार होतो. नेमक्या नोंदीने काय साधते, याचेही उदाहरण आहे: मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइन्ड या आज्ञावलीकारांना दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. ‘हळू चालते’ असे न लिहिता त्यांनी तो मोजला, त्याचा माग काढला आणि ‘एक्सझेड’ या फाइल-संक्षेपण प्रणालीत लपवलेले चोरदार उघडकीस आले. महोदयांकडून एवढी अपेक्षा नाही. फाइल आली तरी पुष्कळ.

कळावे, लोभ असावा, आणि आवृत्तीचा क्रमांकही असावा.